अकाउंट्सच्या पीसीवर प्रॉक्सी सापडला? आधी ट्रॅफिकची दिशा बघा

तुमचा प्रश्न मी असा समजलो: चाकणजवळ गाड्यांचे सुटे भाग बनवणारी कंपनी, दीडशेच्या आसपास पीसी आणि आयटीला तुम्ही दोघंच. फायरवॉलच्या (आत-बाहेर जाणारं ट्रॅफिक तपासणारा बॉक्स) लॉगमध्ये, म्हणजे नोंदींमध्ये, अकाउंट्समधला एक पीसी दिवसभर परदेशातल्या एकाच आयपीला (इंटरनेटवरचा पत्ता) चिकटलेला दिसला. जाऊन बघितलं तर डाउनलोड्समध्ये फुकटातला एक प्रॉक्सी प्रोग्रॅम, म्हणजे ट्रॅफिक तिसऱ्याच कोणाच्या तरी मशीनमधून फिरवणारा. मॅनेजर म्हणतात, ‘यूट्यूब बघत असेल, ब्लॉक करा आणि विषय संपवा.’ एचआरला मेमो काढायचाय. आणि तुम्हाला तीन गोष्टी हव्या आहेत: हे किती गंभीर आहे, ब्लॉक करून भागेल का, आणि यासाठी नवीन फायरवॉल घ्यावा लागेल का.

यूट्यूब बाजूला ठेवा. कोणी महिनाभर क्रिकेटच्या हायलाइट्स बघितल्या तर फार तर बँडविड्थ गेली. अडचण अशी आहे, की उद्या बँकेने, ग्राहकाने किंवा पोलिसांनी विचारलं, ‘अमुक तारखेला अमुक वाजता तुमच्या आयपीवरून हे कोणी केलं?’ तर त्या पीसीपुरतं तुमच्याकडे उत्तर नाही. लॉगमध्ये दिसतं ते एवढंच: एक पीसी, एक परदेशी आयपी, काही जीबी. आत काय होतं, आणि ते त्या टेबलावरच्या माणसाने केलं की भलत्याच कोणी, हे त्यातून कळत नाही.

किती गंभीर, याचं सरसकट उत्तर नाही. प्रोग्रॅम नेमका कोणता, कुठून उतरवला, किती दिवस चालू होता आणि त्या पीसीवर रोज काय काम चालतं, यावर ते ठरतं. स्टोअरच्या पीसीवर सापडलेला प्रॉक्सी आणि नेट बँकिंग, जीएसटी, पीएफ चालणाऱ्या पीसीवर सापडलेला प्रॉक्सी यांत मी जमीन-अस्मानाचा फरक मानतो. तुमचा दुसऱ्या प्रकारातला आहे. पण या सगळ्याआधी मी ट्रॅफिकची दिशा बघतो. प्रॉक्सी या एकाच नावाखाली तीन निराळी प्रकरणं चालतात आणि तिन्हींचे इलाज वेगळे आहेत.

पहिला प्रकार सगळ्यांना माहीत असलेला: आतला माणूस बाहेर जायला बोगदा खणतो, म्हणजे आत काय चाललंय ते फायरवॉलला दिसणार नाही अशी जोडणी करतो. अल्ट्रासर्फ, सायफॉन, टॉर ही नेहमीची नावं. यातल्या काहींचा मूळ हेतू अगदी स्वच्छ आहे. सायफॉन २००६ मध्ये टोरांटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबमधून बाहेर आला, आणि सरकारी सेन्सॉरशिप असलेल्या देशांतल्या लोकांना मोकळं इंटरनेट मिळावं म्हणून तो बनवला गेला. म्हणजे एखाद्या देशाच्या फायरवॉलला चकवण्याच्या तयारीने बनलेली वस्तू तुमच्या दीडशे पीसींच्या फायरवॉलसमोर उभी आहे. प्रॉक्सीचे नेहमीचे पोर्ट (जोडणीचे ठरलेले क्रमांक) १०८०, ३१२८, ८०८० बंद करून हे थांबत नाही. हे प्रोग्रॅम ४४३ वरून, म्हणजे साध्या सुरक्षित वेबसाइट्सच्याच पोर्टवरून जातात आणि शक्य तितकं साध्या वेबसाइटसारखं दिसायचा प्रयत्न करतात.

इथे नुकसान काय? बोगद्यातून जे उतरतं ते फायरवॉलच्या व्हायरस तपासणीतून जातच नाही. वेब फिल्टर, फिशिंग साइट्सची यादी, डीएनएसवरचं (साइटच्या नावावरून आयपी सांगणारी सेवा) ब्लॉकिंग, सगळं त्या पीसीपुरतं बंद. शिवाय असे प्रोग्रॅम मूळ साइटवरून क्वचितच उतरवले जातात, कारण ती साइट तुम्ही आधीच ब्लॉक केलेली असते. मग कुणीतरी पेन ड्राइव्हवर आणतं, नाहीतर टेलिग्रामच्या ग्रुपवरून घेतं. सोबत सूचना असते, ‘अँटिव्हायरस बंद करा, तो उगाच ओरडतो.’ म्हणून अशा पीसीवर मी डिफेंडरच्या (विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस) एक्सक्लूजनची, म्हणजे तो तपासत नाही अशा जागांची यादी सगळ्यात आधी उघडतो. तिथे आख्खा सी ड्राइव्ह टाकलेला मी बघितलाय.

‘मग प्रॉक्सीवाल्याला आमचे सगळे पासवर्ड दिसले का?’ हा पुढचा प्रश्न नेहमी येतो. प्रामाणिक उत्तर: बहुतेक वेळा नाही. साइट एचटीटीपीएसवर (मजकूर कुलूपबंद करून पाठवण्याची पद्धत) असेल तर मधल्याला तुम्ही कुठे गेलात ते दिसतं, किती वेळ होतात ते दिसतं, पानातला मजकूर दिसत नाही. पण याला दोन अपवाद आहेत आणि दोन्ही वाईट आहेत.

पहिला अपवाद रूट सर्टिफिकेटचा, म्हणजे कोणती साइट खरी मानायची हे पीसी ज्याच्या भरवशावर ठरवतो त्याचा. प्रोग्रॅमने विंडोजच्या सर्टिफिकेट स्टोअरमध्ये स्वतःचं सर्टिफिकेट घातलं, की बँकेच्या नावाचं खोटं सर्टिफिकेट तो स्वतःच बनवू शकतो आणि ब्राउझर कुलपाचं चिन्ह दाखवत राहतो. ही नुसती कल्पना नाही. २०१५ च्या फेब्रुवारीत लेनोवोच्या लॅपटॉपवर आधीच टाकून आलेल्या सुपरफिशचं प्रकरण गाजलं. जाहिराती घुसवायला त्याने रूट सर्टिफिकेट बसवलं होतं आणि त्याची खासगी किल्ली सगळ्या लॅपटॉपवर एकच होती. ती बाहेर आल्यावर त्या लॅपटॉपांच्या नेटवर्कवर बसलेल्या कोणालाही मध्ये शिरता येत होतं.

दुसरा अपवाद ब्राउझर एक्स्टेन्शनचा, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमचा. फुकट व्हीपीएन किंवा प्रॉक्सीचं एक्स्टेन्शन ‘सर्व वेबसाइट्सवरचा डेटा वाचणे व बदलणे’ अशी परवानगी मागतं आणि लोक हो म्हणतात. एक्स्टेन्शन ब्राउझरच्या आत बसलेलं असतं, त्यामुळे एचटीटीपीएस त्याच्या आड येत नाही. आज चांगलं असलेलं एक्स्टेन्शन उद्या चांगलं राहीलच असंही नाही. २०२४ च्या नाताळात सायबरहेवन या सुरक्षा क्षेत्रातल्याच कंपनीच्या एका कर्मचाऱ्याला फिशिंगमध्ये अडकवून तिच्या क्रोम एक्स्टेन्शनची बिघडवलेली आवृत्ती टाकली गेली, आणि ती आपोआप अपडेट होऊन लोकांपर्यंत पोचली. सुरक्षावाल्यांची ही गत, तर फुकट प्रॉक्सी चालवणाऱ्याचं काय सांगावं?

आता दुसरा प्रकार. आपल्याकडे याची चर्चा फार कमी होते, आणि मला जास्त काळजी याचीच वाटते. यात तुमचा पीसी दुसऱ्याचा प्रॉक्सी बनतो. प्रोग्रॅम फुकट का, तर त्याच्या बदल्यात तुमची लाइन भाड्याने दिली जाते. २०१५ मध्ये होला या लोकप्रिय व्हीपीएनबद्दल हेच उघड झालं: फुकट वापरणाऱ्यांच्या जोडण्या त्याच कंपनीच्या लुमिनाटी नावाच्या पैसेवाल्या सेवेतून विकल्या जात होत्या. हे अटींमध्ये कुठेतरी लिहिलेलं असतं, पण त्या अटी वाचतं कोण.

९११ एस५ या भाड्याच्या प्रॉक्सी जाळ्यात तर अटींचाही प्रश्न नव्हता. मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने हे जाळं मोडून काढल्याचं जाहीर केलं आणि ते चालवणाऱ्या चिनी नागरिकाला सिंगापूरमध्ये अटक झाली. त्यात १ कोटी ९० लाखांहून जास्त आयपी पत्ते होते, जवळपास दोनशे देशांतले. पीसी त्यात कसे ओढले गेले? मास्कव्हीपीएन, ड्यूव्हीपीएन, पॅलडिनव्हीपीएन, प्रॉक्सीगेट, शील्डव्हीपीएन, शाइनव्हीपीएन अशा फुकट प्रोग्रॅममधून आणि क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरसोबत. ही नावं तुमच्या पीसींवर शोधून बघाच. जाळं गेलं, पण प्रोग्रॅम पीसीवर तसेच पडून असू शकतात.

हे म्हणजे परक्या माणसाला आपल्या घराच्या पत्त्यावर रेशनकार्ड काढू देण्यासारखं आहे; पुढे तो जे करेल त्याची चौकशी तुमच्या दारात येणार. आणि कंपनीत ती घरापेक्षा महाग पडते, कारण तुमच्याकडे स्टॅटिक, म्हणजे कधी न बदलणारा आयपी असतो आणि त्या आयपीवर लोकांनी विश्वास टाकलेला असतो. बँकेच्या एपीआयला (सॉफ्टवेअरने थेट बँकेशी बोलायची सोय) तो व्हाइटलिस्ट, म्हणजे मंजूर यादीत टाकलेला असतो. ग्राहकाच्या सप्लायर पोर्टलवर असतो. क्लाउडवरच्या ईआरपीचं (कंपनीचा सगळा कारभार चालवणारं सॉफ्टवेअर) रिमोट डेस्कटॉप ‘फक्त ऑफिसच्या आयपीवरून’ उघडं ठेवलेलं असतं. ज्याने तुमची लाइन भाड्याने घेतली, तो या सगळ्यांच्या नजरेत तुमच्या ऑफिसात बसलेला माणूस आहे. पासवर्ड त्याला लागेलच, पण मधली एक भिंत तुम्ही काढून दिलेली असते.

काही भाड्याच्या जाळ्यांत आणखी एक भोक असतं. बाहेरच्या गिऱ्हाइकाने १९२.१६८ ने सुरू होणारा, म्हणजे ऑफिसच्या आतल्या नेटवर्कचा पत्ता मागितला तर तो अडवायला हवा. सगळीच जाळी तो नीट अडवतात असं नाही. तसं झालं तर बाहेरचा माणूस तुमच्या पीसीमार्फत तुमचाच प्रिंटर, तुमचाच एनएएस (नेटवर्कवरचा फाइलींचा साठा), तुमच्याच राउटरचं लॉगिन पान उघडतो. फायरवॉलला हे दिसणार नाही, कारण ते ट्रॅफिक लॅनच्या, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कच्या आतल्या आत फिरतंय.

या प्रकाराची लक्षणं मजेशीर असतात, आणि पुष्कळदा आयटीच्या आधी बाकीच्या स्टाफला जाणवतात. आख्ख्या ऑफिसला गुगलवर ‘तुमच्या नेटवर्कवरून असामान्य ट्रॅफिक’ असं येऊन कॅप्चा सोडवावे लागतात. तुमचा मेल सर्व्हर त्याच आयपीवर असेल तर ग्राहकांकडे मेल स्पॅममध्ये जायला लागतात आणि परचेसवाले फोन करून विचारतात, ‘कोटेशन पाठवलं का?’ असं काही अलीकडे झालंय का, हे रिसेप्शनला आणि सेल्सला विचारा. लॉग उपसण्याआधी निम्मं उत्तर तिथेच मिळू शकतं.

तिसरा प्रकार बाहेरून आत येणाऱ्या बोगद्याचा, आणि कारखान्यांत तो हमखास सापडतो. सीएनसी मशीनचा व्हेंडर पुन्हापुन्हा पुण्याहून यायला नको म्हणून शॉप फ्लोअरच्या पीसीवर एनीडेस्क (दूरवरून पीसी चालवायचा प्रोग्रॅम) कायमचं चालू ठेवून जातो. एखादा डेव्हलपर टेस्टिंगसाठी एनग्रॉक (आतला पीसी इंटरनेटवर उघडा करणारा प्रोग्रॅम) लावतो आणि काढायला विसरतो. कोणी एसएसएचचा (दूरच्या मशीनशी कुलूपबंद जोडणी) उलटा बोगदा घरच्या पीसीशी जोडून ठेवतो. जोडणी आतून सुरू झालेली असते, त्यामुळे फायरवॉल तिला ‘आपलीच’ समजतो. आणि शॉप फ्लोअरचा तो पीसी बहुधा विंडोज ७ वर, लॅनपासून वेगळा न केलेला. तुमचं प्रकरण या प्रकारातलं वाटत नाही, तरी शोध घेत आहातच तर हेही बघून घ्या.

मग दिशा ओळखायची कशी? फायरवॉलमधून त्या पीसीचं महिन्याभराचं ट्रॅफिक काढा आणि अपलोड-डाउनलोड शेजारी-शेजारी ठेवा. यूट्यूब बघणाऱ्या माणसाचं डाउनलोड अपलोडच्या कित्येक पट असतं. लाइन भाड्याने गेलेली असेल तर दोन्ही आकडे जवळजवळ यायला लागतात, कारण पीसी जे आत घेतो तेच बाहेर देतो. मग वेळ बघा. अकाउंट्सची मंडळी साडेसहाला घरी जातात. पीसी रात्रभर चालू राहतो आणि पहाटे तीन वाजता शेकडो वेगवेगळ्या साइट्सना जोडण्या होतायत, तर ते काम त्या माणसाचं नाही.

माझी आवडती खूण मात्र डीएनएसची आहे. सरळ वापर असलेला पीसी दिवसभर तुमच्या डीएनएस सर्व्हरला पत्ते विचारत असतो. बोगद्यात शिरलेला पीसी दिवसभर ट्रॅफिक करतो, पण डीएनएसला जवळपास काहीच विचारत नाही, कारण पत्त्यांची चौकशीही बोगद्याच्या पलीकडच्या टोकाला होते. डीएनएसच्या लॉगमध्ये अचानक गप्प झालेले पीसी शोधा. खर्च शून्य, आणि ज्यांची नावं कोणाला ठाऊक नाहीत असे प्रोग्रॅमही यात सापडतात.

आता त्या पीसीचं काय करायचं. फॉरमॅट मारू नका. ही घाई सगळीकडे होते आणि मग काय झालं होतं ते कधीच कळत नाही. नेटवर्कची केबल काढा, वाय-फाय बंद करा, पीसी चालूच ठेवा. चालू प्रोसेसेस, उघड्या जोडण्या, शेड्युल्ड टास्क, सर्व्हिसेस, प्रॉक्सी सेटिंग, डिफेंडरचे एक्सक्लूजन, ब्राउझरची एक्स्टेन्शन्स आणि रूट सर्टिफिकेटची यादी, हे सगळं पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. प्रोग्रॅमच्या फाइलचा हॅश (फाइलची आकड्या-अक्षरांतली ओळख) काढा आणि व्हायरसटोटल या फाइल तपासणाऱ्या साइटवर हॅशच शोधा. फायरवॉलचे लॉग आजच बाहेर काढून ठेवा, कारण लहान फायरवॉलमध्ये जागा संपली की जुने लॉग पुसले जातात.

त्यानंतर पासवर्ड. ते दुसऱ्या, स्वच्छ पीसीवरून बदला: नेट बँकिंग, जीएसटी, आयकर, पीएफ, मेल, ईआरपी. मेलमध्ये नुसता पासवर्ड बदलून थांबू नका, ‘सगळीकडून लॉगआउट’ करा, कारण चोरलेली कुकी (लॉगिन लक्षात ठेवणारी ब्राउझरमधली नोंद) काही ठिकाणी पासवर्ड बदलल्यावरही चालते. मेलमध्ये कोणी फॉरवर्डिंगचा नियम घालून ठेवलाय का तेही बघा. आणि डिजिटल सिग्नेचरचा टोकन. अकाउंट्समध्ये तो यूएसबीत सकाळपासून संध्याकाळपर्यंत खोचलेला असतो आणि पिन मॉनिटरवर चिकटवलेला. ज्या पीसीवर भरवशाचा नसलेला प्रोग्रॅम चालत होता, तिथे त्या टोकनचा पिन बदला आणि काम झालं की टोकन कपाटात, ही सवय लावून घ्या. माहिती उतरवून झाली, की मग पीसी खुशाल नव्याने लोड करा.

सरकारला कळवायचं का? सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात आणि आयटी सिस्टीमचे लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. खासगी कंपन्याही त्यात आल्या. कोणी प्रॉक्सी लावून व्हिडिओ बघितले, एवढंच असेल तर ते त्या यादीत बसतं असं मला वाटत नाही. पण मालवेअर निघालं, कोणी परवानगीशिवाय सिस्टीममध्ये शिरल्याचं दिसलं किंवा डेटा गेल्याची चिन्हं दिसली, तर घड्याळ सुरू झालं समजा. त्या दिवशी निर्णय कोण घेणार हे आधी ठरवून ठेवा, नाहीतर ६ तास साहेबांचा फोन लागण्यातच जातात. तुमच्या लाइनवरून काही गुन्हा झालेला असेल तर पोलीस आयपीवरून सेवा कंपनीला विचारतात, ती तुमच्या कंपनीचं नाव देते आणि बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम ९४ खाली तुम्हाला नोटीस येऊ शकते. तेव्हा १८० दिवसांचे लॉग हाच तुमचा आधार. जर्मन ग्राहकांसाठी टिसॅक्सचं (वाहन उद्योगातली माहिती सुरक्षेची तपासणी) ऑडिट होत असेल, तर हे प्रकरण कसं हाताळलं याची नोंदही लिहून ठेवा. ऑडिटर घटना घडली म्हणून तितका नाराज होत नाही, जितका ती दडपली म्हणून होतो.

एचआरच्या मेमोबद्दल माझं मत असं: आधी त्या माणसाशी बोला, आणि बोलताना मेमो टेबलावर नको. प्रोग्रॅम कोणी दिला, कधीपासून आहे, आणखी कोणाकडे आहे, हे तुम्हाला फक्त तोच सांगू शकतो. मेमो हातात पडल्यावर तो ‘मला माहीत नाही’ म्हणेल आणि बाकीचे चार जण आपापले प्रोग्रॅम रातोरात डिलीट करतील. कारण विचारलं तर पुष्कळदा भलतंच निघतं. ट्रान्सपोर्टरची बिलं आणि चलनांचे फोटो व्हॉट्सॲपवर येतात, तुम्ही व्हॉट्सॲप वेब ब्लॉक केलेलं असतं, आणि संध्याकाळी एन्ट्री पूर्ण नसली तर ओरडा त्यालाच. अशा माणसाला रस्ता दिलात तर बोगदा लागत नाही. मुळात प्रॉक्सी चालणार नाही आणि नेटवर्कवर नजर ठेवली जाते, असं लेखी धोरण देऊन त्यावर सह्या घेतलेल्या आहेत का? नसतील तर मेमोचा पायाच कच्चा आहे.

पुढे हे होऊ नये म्हणून काय करायचं, त्यात माझा भर फायरवॉलपेक्षा पीसीवर असतो. हे प्रोग्रॅम इन्स्टॉल करावे लागत नाहीत, डबल क्लिक केलं की चालतात, त्यामुळे ॲडमिनचे अधिकार काढून अर्धंच काम होतं. ॲपलॉकरने (कोणते प्रोग्रॅम चालू द्यायचे ते ठरवणारी विंडोजची सोय) डाउनलोड्स, डेस्कटॉप, ॲपडेटा आणि पेन ड्राइव्हवरून प्रोग्रॅम चालवणं बंद करा. पहिले दोन-तीन आठवडे फक्त ऑडिटवर ठेवा, म्हणजे अडवू नका, नुसती नोंद होऊ द्या. जीएसटी आणि आयकराच्या काही युटिलिटी असल्याच फोल्डरमधून चालतात, त्यांना वेगळी सूट द्यावी लागते. महिनाअखेरीला किंवा रिटर्नच्या तारखेच्या तोंडावर हे चालू करू नका, अकाउंट्सवाले तुम्हाला जेवू देणार नाहीत. ब्राउझरमध्ये मंजूर एक्स्टेन्शन्सची यादी करून बाकी सगळी बंद.

नेटवर्कवर डीएनएस फक्त स्वतःच्या सर्व्हरमधून जाऊ द्या: बाहेर जाणारे डीएनएसचे पोर्ट ५३ आणि ८५३ बंद, ब्राउझरचं डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस (वेबच्या ट्रॅफिकमध्ये लपवून पत्ते विचारणं) पॉलिसीने बंद. यूडीपी ४४३ (वेबच्या जोडणीची नवी पद्धत) ही बंद करा, ब्राउझर आपोआप टीसीपी या जुन्या पद्धतीवर येतो आणि फायरवॉलला थोडं जास्त दिसायला लागतं. बाहेर जाणारं सगळं बंद ठेवून लागेल तेवढंच उघडा. एचटीटीपीएस उघडून तपासायची सोय मी तुमच्या जागी आत्ता लावणार नाही. बँकांच्या साइट्स अडतात, सर्टिफिकेटची देखभाल लागते, लोकांच्या खासगीपणाचा प्रश्न येतो, आणि दोन माणसांच्या टीमला ते झेपत नाही. त्याऐवजी स्टाफच्या फोनसाठी साध्या ब्रॉडबँडवर वेगळं वाय-फाय द्या, ज्याचा कंपनीच्या लॅनशी आणि स्टॅटिक आयपीशी संबंध नसेल. जेवणाच्या सुट्टीतली मॅच तिथे बघू दे.

राहिला फायरवॉल. नवीन घेण्याआधी आहे त्याचं ॲप्लिकेशन कंट्रोलचं (ट्रॅफिक कोणत्या प्रोग्रॅमचं ते ओळखायची सोय) लायसन्स चालू आहे का ते बघा. लहान कंपन्यांत बॉक्स चांगला असतो आणि सबस्क्रिप्शन संपून वर्ष झालेलं असतं. मग तो नुसतं पोर्ट बघतो आणि प्रॉक्सी ओळखायच्या त्याच्या खुणा जुन्या झालेल्या असतात. लायसन्स चालू असेल तर ‘प्रॉक्सी आणि अनॉनिमायझर’ ही कॅटेगरी ब्लॉक आहे का, आणि ती अकाउंट्सच्या पॉलिसीलाही लागू आहे का, हे तपासा. मागे कोणीतरी एखादी साइट चालत नाही म्हणून अकाउंट्सला ‘सगळं अलाउ’चा नियम यादीत सगळ्यात वर टाकून दिलेला असू शकतो. तो निघाला तर आधी तो काढा, आणि नवीन बॉक्सचं कोटेशन तोपर्यंत थांबवून ठेवा.